घरातील गळती, तुंबलेल्या मोऱ्या आणि पाणी शिरल्यानंतरची साफसफाई : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातील सदनिका आणि स्वतंत्र घरे यांमधून पाण्याविषयी ज्या तक्रारी वर्षभर येत राहतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. बहुतेक तक्रारींत मूळ चूक निदानाची असते. पाणी जिथे दिसते तिथूनच ते गळते असे धरून भिंत फोडली जाते, किंवा ओल पुरती वाळण्याआधीच तिच्यावर पुट्टी आणि रंग चढवला जातो. त्यामुळे उगम शोधणे आणि वाळवणे या दोन गोष्टींना पुढे सर्वाधिक जागा दिली आहे.

पाईप फुटला किंवा जोड निसटला, तर सर्वांत आधी काय करावे?

पाणी बंद करावे. बेसिन, कमोड किंवा सिंकखालचा जोड असेल तर त्याच्याच खालचा अँगल कॉक फिरवला की पुरते. तो गंजून बसला असेल तर न्हाणीघराचा किंवा संपूर्ण घराचा मुख्य कॉक बंद करावा आणि तोही सापडत नसेल तर गच्चीवरील टाकीतून आपल्या घराकडे येणारा व्हॉल्व्ह बंद करावा. पाणी विजेच्या बोर्डाजवळ, पंख्याच्या किंवा दिव्याच्या जोडणीपाशी पोहोचले असेल, तर मेन स्विच आधी पाडावा. मात्र मेन स्विचपर्यंत जाताना साचलेल्या पाण्यात उभे राहावे लागत असेल तर त्याला हात न लावता इमारतीच्या मीटरखोलीतून पुरवठा बंद करून घ्यावा.

आपला मुख्य कॉक कुठे आहे आणि तो सहज फिरतो का, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असायला हवे. वर्षानुवर्षे न फिरवलेला कॉक नेमक्या वेळी हलत नाही, म्हणून तो दर काही महिन्यांनी एकदा बंद-उघडा करून पाहावा.

भिंत किंवा छत न फोडता गळतीचा उगम कसा ओळखावा?

सर्वांत उपयोगी पुरावा म्हणजे ओलीचे वेळापत्रक. छतावरील डाग दिवसरात्र, अगदी वरचे कुटुंब गावाला गेले असतानाही सारखाच ओला राहत असेल, तर दाबाखाली असलेल्या पुरवठ्याच्या पाईपवर संशय घ्यावा. सकाळी आंघोळी आटोपल्यावर ठिबकणे वाढत असेल आणि दुपारनंतर ओसरत असेल, तर सांडपाण्याची वाहिनी, न्हाणी ट्रॅपचा (फरशीच्या जाळीखालील पाणी धरणाऱ्या भांड्याचा) जोड किंवा फरशीच्या सांध्यांतील फटी यांपैकी काहीतरी कारण असते. केवळ पावसाळ्यात, त्यातही वाऱ्याच्या दिशेच्या भिंतीवरच ओल येत असेल, तर बाहेरच्या प्लास्टरमधील भेगा, खिडकीच्या चौकटीभोवतीची फट किंवा गच्ची तपासावी. तळमजल्यावर जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीपर्यंतच रंगाचे पोपडे सुटत असतील आणि पांढरा क्षार फुटत असेल, तर ओल इमारतीच्या पायातून वर चढत असते. अशा ठिकाणी प्लंबर बोलावून काही साधत नाही.

संशय पक्का करण्यासाठी तीन साध्या चाचण्या आहेत. पहिली मीटरची. घरातील सर्व नळ बंद करून मीटरवरील आकडा टिपावा, तासाभराने पुन्हा पाहावा; आकडा सरकला असेल तर पुरवठ्याच्या बाजूला गळती आहे. अनेक सोसायट्यांत घरटी मीटर नसतो, तिथे वरच्या सदनिकेचा व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवून सकाळी डाग पाहता येतो. दुसरी रंगाची. वरच्या न्हाणीघराची जाळी बोळ्याने घट्ट बंद करून फरशीवर रंगीत पाणी काही तास साठवावे. खाली रंग उतरला तर फरशी किंवा तिच्याखालचा जलरोधक थर फुटला आहे. उतरला नाही, तर बोळा काढून पाणी वाहू द्यावे आणि मग रंग दिसला तर दोष वाहिनीत आहे. सांडपाण्याची वाहिनी आणि फरशी यांतील फरक या एका चाचणीने कळतो आणि संपूर्ण न्हाणीघर उगीच उखडण्याचा खर्च वाचतो. तिसरी प्लॅस्टिकची. ओलसर भिंतीवर हातभर प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवावा. भिंतीकडच्या बाजूस दव जमले तर पाणी भिंतीतून येत आहे. खोलीच्या बाजूस जमले तर ते हवेतील बाष्प आहे आणि तिथे वायुवीजन सुधारणे हाच उपाय आहे.

छताखालचे प्लास्टर फुगलेले दिसल्यास काठीच्या टोकाने हलकेच ठोकून पाहावे. भरीव आवाज आला तर थांबता येते. पोकळ आवाज आला आणि डागाला तांबूस कडा असेल, तर आतल्या सळ्या गंजू लागल्या आहेत असे समजावे, त्या जागेखाली झोपणे बंद करावे आणि स्थापत्य अभियंत्याला दाखवावे.

नळ घट्ट बंद करूनही थेंब पडत राहतात. नळ बदलावा का?

बहुधा नाही. जुन्या पद्धतीच्या नळात वायसर झिजलेला असतो, अर्ध्या फेरीत उघडणाऱ्या नळात आतले कार्ट्रिज. दोन्ही सुटे मिळतात. नळ अधिकाधिक जोराने आवळत राहिल्यास आतली बैठकही खराब होते आणि मग नळच बदलावा लागतो. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. बारीक थेंब धरले तरी चार लिटरांहून अधिक पाणी असे वाया जाते.

फ्लशच्या टाकीतून कमोडमध्ये सतत पाणी झिरपते आहे का, हे कसे कळेल?

टाकीत खाण्याचा रंग घालून अर्धा तास फ्लश वापरू नये. कमोडच्या पाण्याला रंग आला तर तळाचे रबर झिजले आहे. पाणी टाकीतील उभ्या ओव्हरफ्लो नळीतून वाहत असेल तर फ्लोटची (पाण्यावर तरंगणाऱ्या गोळ्याची) उंची कमी करावी. ही गळती आवाज करत नाही, म्हणून ती महिनोन्‌महिने लक्षात येत नाही.

न्हाणीघर रोज धुऊनही गटाराचा वास येतो. कारण काय?

फरशीच्या जाळीखालील न्हाणी ट्रॅपमध्ये नेहमी थोडे पाणी उभे राहते आणि तेच गटारातील वायूला व झुरळांना अडवते. पाहुण्यांच्या खोलीचे न्हाणीघर किंवा गॅलरीतील मोरी आठवडेच्या आठवडे वापरली नाही, की विशेषतः उन्हाळ्यात हे पाणी आटते आणि वास थेट घरात येतो. जाळी उचलून विजेरीने पाहावे. पाणी दिसत नसेल तर दोन तांबे पाणी ओतल्यावर वास थांबतो. पाणी असूनही वास येत असेल तर बेसिनची लवचिक नळी जाळीच्या भोकात नुसतीच सोडली आहे का, कमोडच्या तळाचा सांधा सुटला आहे का आणि इमारतीच्या मलवाहिनीचा वर गेलेला वायुनळ बंद झाला आहे का, हे क्रमाने पाहावे. अगरबत्ती आणि डांबरगोळ्या यांनी कारण झाकले जाते, एवढेच.

स्वयंपाकघरातील सिंक वारंवार तुंबते. ॲसिड ओतावे का?

ओतू नये. सिंक तुंबण्याचे कारण जवळजवळ नेहमी तेल-तूप असते: गरम असताना ते पातळ असते, पाईपमध्ये थंड होऊन कडेला थर धरते आणि त्यात भाताची शिते, चहाची पूड, डाळीचा गाळ अडकतो. ॲसिडने कडप्प्याचा ओटा आणि पाईपचे सांधे खराब होतात, शिवाय आधी ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर टाकलेली असेल तर त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो. सिंकखालचा बाटलीसारखा ट्रॅप हाताने उघडता येतो. खाली बादली ठेवून तो धुवावा. मग रबरी पंप वापरावा आणि तरीही पाणी निघत नसेल तर प्लंबरकडून स्प्रिंग फिरवून घ्यावी. कढईतले उरलेले तेल जुन्या वर्तमानपत्राने पुसून केरात टाकण्याची सवय लावली तर ही तक्रार पुष्कळशी मिटते.

चेंबर किंवा सेप्टिक टँक तुंबल्यास मात्र कोणालाही आत उतरवू नये. त्यातील वायूंनी माणूस काही श्वासांत बेशुद्ध पडतो आणि त्याला वाचवायला उतरलेलाही दगावतो. सुरक्षा साधनांशिवाय अशी सफाई करून घेण्यास २०१३च्या कायद्याने बंदी आहे. पालिकेची किंवा खासगी सक्शन गाडी बोलावणे हाच मार्ग आहे, मग थांबावे लागले तरी चालेल.

टाकी धुतल्यानंतर टाकी भरलेली असूनही नळाला पाणी का येत नाही?

पाईपमध्ये हवा धरली आहे. घरातील सर्वांत खालचा नळ पूर्ण उघडा ठेवून काही वेळ वाट पाहावी. न जमल्यास पालिकेचे पाणी जोरात चालू असताना त्या थेट नळाला आणि अडलेल्या नळाला रबरी नळीने जोडून दोन्ही उघडावेत. पाण्याच्या दाबाने हवा मागे टाकीकडे ढकलली जाते. दर वेळी हाच त्रास होत असेल तर टाकीच्या बाहेर निघणाऱ्या पाईपला हवा सुटण्यासाठी उभी नळी लावून घ्यावी. तिचे तोंड टाकीतील पाण्याच्या पातळीपेक्षा उंच हवे.

जुन्या इमारतीतील जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाईप एकदमच बदलावेत का?

पाईप आतून गंजून त्याचे भोक बारीक झाले असेल, सकाळचे पहिले पाणी तांबूस येत असेल आणि एक गळती बुजवली की दोन महिन्यांत दुसरी सुरू होत असेल, तर तुकड्यातुकड्याने दुरुस्ती करणे महाग पडते. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी हा उष्णता सोसणारा प्लॅस्टिकचा पाईप वापरावा. साधा यूपीव्हीसी गरम पाण्याला चालत नाही. सॉल्व्हंट (पाईप चिकटवण्याचा द्रव) लावलेला सांधा उत्पादकाने सांगितलेल्या वेळेपूर्वी पाण्याखाली आणू नये. नवी वाहिनी भिंतीत गाडण्याआधी दाब देऊन तपासावी आणि टाईल बसण्यापूर्वी तिची छायाचित्रे काढून ठेवावीत. पुढे कधी भिंतीला ड्रिल मारायची वेळ आली की ही छायाचित्रे फार कामी येतात.

वरच्या घरातून गळती होत असेल तर दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा?

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, बाहेरच्या भिंती, पावसाच्या पाण्याची गळती आणि सामाईक वाहिन्या यांची दुरुस्ती संस्थेने करायची असते; संडास, न्हाणीघर, सिंक यांतून होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च सभासदांवर असतो. त्यामुळे आधी उगम ठरवणे आवश्यक आहे, नाहीतर वरचे, खालचे आणि समिती असे तिघेही एकमेकांकडे बोट दाखवत राहतात आणि छत कुजत राहते. समितीकडे लेखी अर्ज करावा, दोन्ही घरांच्या उपस्थितीत रंगाची चाचणी घ्यावी आणि तिचा निष्कर्ष सर्वांच्या सह्यांनिशी लिहून ठेवावा. वरच्या शेजाऱ्यांनी याकडे दोषारोप म्हणून पाहू नये: त्यांच्या फरशीखाली काय चालले आहे हे त्यांनाही दिसत नसते.

न्हाणीघराची फरशी नव्याने करायचे ठरलेच, तर टाईल बसवण्यापूर्वी जलरोधक थरावर किमान २४ तास, शक्य असल्यास ४८ तास पाणी साठवून खालच्या छताला ओल येत नाही ना, हे पाहिल्याशिवाय पुढचे काम करू देऊ नये.

घरात पाणी पसरले किंवा शिरले, तर वाळवण्यासाठी हातात किती वेळ असतो?

ओल्या प्लायवूडवर, गादीवर, जिप्समच्या छतावर २४ ते ४८ तासांत बुरशी धरू लागते. त्यामुळे पहिल्या दिवशी केलेले काम नंतरच्या आठवड्याभराच्या कामापेक्षा मोलाचे ठरते.

साफसफाई घरच्या घरी करावी की व्यावसायिक पथक बोलवावे?

पाणी कोणते आहे यावर हे ठरते. या व्यवसायात पाण्याचे तीन प्रकार मानतात: नळाचे किंवा टाकीचे स्वच्छ पाणी, वॉशिंग मशीन, बेसिन, आंघोळीचे वापरलेले पाणी, आणि मलवाहिनीचे किंवा पुराचे दूषित पाणी. स्वच्छ पाणी एका खोलीत पसरले आणि काही तासांत लक्षात आले, तर पुसणे, पंखे लावणे आणि फर्निचर भिंतीपासून हलवणे घरच्यांना जमते. दूषित पाणी थोडे असले तरी ते काम जाणकारांवर सोपवावे, विशेषतः घरात लहान मुले, वृद्ध किंवा दम्याचे रुग्ण असतील तर. स्वच्छ पाणीही दोन दिवस साचून राहिले की ते स्वच्छ राहत नाही.

व्यावसायिक पथक नेमके काय करते?

आधी वीज व गळती बंद असल्याची खात्री केली जाते आणि छायाचित्रे काढली जातात. मग ओले-कोरडे दोन्ही ओढणाऱ्या व्हॅक्यूमने पाणी उपसतात, कारण उपसलेले पाणी हे वाळवाव्या लागणाऱ्या पाण्यापेक्षा केव्हाही स्वस्त पडते. न वाचणाऱ्या वस्तू बाहेर काढतात. ओट्याखालच्या मॉड्युलर कपाटांची तळपट्टी काढतात, आणि पुष्कळदा खरे नुकसान तिथेच असते: वरून कपाट चकचकीत दिसते, पण पट्टी ओढताच मागे अंधारात पाण्याचे थारोळे आणि फुगून पापुद्रे सुटलेला बोर्ड दिसतो. त्यानंतर पृष्ठभाग आधी साबणाने घासून मग जंतुनाशकाने पुसतात. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण चिखलावर फवारलेले जंतुनाशक वाया जाते. शेवटी मोठे पंखे व हवेतील बाष्प ओढणारे यंत्र लावून काही दिवस वाळवतात आणि ओलावामापकाने रोज मोजतात. त्याच घरातील कोरड्या भिंतीच्या मापाशी ओल्या भिंतीचे माप जुळले की काम संपले. ओलावामापक न आणणारे पथक केवळ पुसून देण्याचे पैसे घेते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वाळवताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात ना?

हे ऋतूवर अवलंबून आहे. मराठवाड्यात किंवा विदर्भात उन्हाळ्यात खिडक्या उघडून पंखे लावणे हा उत्तम उपाय आहे. मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात जुलै महिन्यात मात्र बाहेरची हवा आतल्याइतकीच दमट असते. खिडक्या उघडल्या तर आपण बाहेरचे बाष्प घरात घेतो. तेव्हा दारे-खिडक्या बंद करून बाष्प ओढणारे यंत्र लावावे, ते नसल्यास एसी ड्राय मोडवर चालवावा. पाऊस उघडून ऊन पडले की मात्र सर्व उघडावे. जनरेटर लावावा लागला तर तो घराबाहेर, खिडकीपासून दूर ठेवावा, कारण त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साईड हा वायू प्राणघातक असतो आणि त्याला वास नसतो.

पुराचे पाणी ओसरल्यावर घरात शिरताना काय पाहावे?

मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला आणि २०२१च्या जुलैमध्ये चिपळूणला पुराने घरे-दुकाने पाण्याखाली घातली. अशा पाण्यात मैला, डिझेल, मेलेली जनावरे आणि उंदरांचे मूत्र मिसळलेले असते, म्हणून गमबूट व रबरी हातमोजे घातल्याशिवाय आत जाऊ नये. पायावर जखम असताना या पाण्यातून चालावे लागले असेल, तर ताप येण्याची वाट न पाहता ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवावे. उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचा धोका खरा आहे आणि त्यावरील प्रतिबंधक औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचे असते.

गाळ ओला असतानाच काढावा, वाळला की तो दगडासारखा बसतो. बुडालेले स्विचबोर्ड, फ्रीज, मोटार वायरमनने तपासल्याशिवाय चालू करू नयेत. जमिनीखालील टाकी उपसून, घासून, धुऊन घ्यावी. पुन्हा भरल्यावर १,००० लिटरला साधारण अडीच ग्रॅम चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून, गाळ खाली बसू देऊन वरचे पाणी मिसळावे आणि तासाभराने वापरावे. पिण्याचे पाणी काही दिवस उकळूनच घ्यावे.

कोणत्या वस्तू वाचतात?

सागवान, स्टील, काच, जाड प्लॅस्टिक धुऊन वाचते. आयएस ७१० या भारतीय मानकाचे मरीन प्लायवूड बऱ्याचदा तगते, पार्टिकल बोर्ड मात्र एकदा फुगला की पूर्ववत होत नाही. कापसाची गादी दूषित पाण्यात भिजली असेल तर ती टाकून द्यावी, कितीही जीव जडलेला असला तरी. कागदपत्रे आणि जुने फोटो एकमेकांपासून ओढून सुटे करू नयेत. लगेच वाळवणे शक्य नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवावेत, म्हणजे बुरशी न धरता सवडीने वाळवता येतात.

विम्यातून नुकसान भरून मिळते का?

१ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे उपलब्ध असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत पूर व वादळ यांच्याबरोबर पाण्याच्या टाक्या आणि पाईप फुटून किंवा भरून वाहून होणारे नुकसानही समाविष्ट आहे. वर्षानुवर्षे मुरत आलेली ओल आणि झीज मात्र त्यात बसत नाही. कंपनीला ताबडतोब कळवावे आणि साफसफाईला हात लावण्यापूर्वी भिंतीवरील पाण्याच्या रेषेसकट छायाचित्रे काढावीत. सर्वेक्षक येईपर्यंत खराब झालेल्या वस्तू विकू किंवा फेकू नयेत. आरोग्यासाठी टाकाव्याच लागल्या तर त्यांचीही छायाचित्रे व यादी ठेवावी. पूरग्रस्त भागात तलाठ्याने केलेल्या पंचनाम्याची प्रत जपावी.

भिंतीला पुन्हा रंग कधी द्यावा आणि कंत्राटदाराकडून काय लिहून घ्यावे?

गळती बंद झाल्यानंतर जाड विटांची भिंत वाळायला काही आठवडे लागतात, पावसाळ्यात त्याहून अधिक. सुटलेले प्लास्टर खरवडून भिंत उघडीच ठेवावी आणि बुरशीचे ठिपके दिसल्यास ते कोरडे झाडू नयेत. एन९५ मास्क लावून, साबणाच्या ओल्या फडक्याने पुसावेत. चटईएवढ्या जागेहून जास्त पसरलेली बुरशी जाणकारांकडून काढून घ्यावी. वर सांगितलेली प्लॅस्टिकची चाचणी पुन्हा घेऊन भिंतीकडच्या बाजूस दव जमले नाही, तरच पुट्टी लावावी. कंत्राटदाराच्या लेखी अंदाजात गळतीचे कारण, कोणता थर कुठपर्यंत उखडणार, कोणते साहित्य वापरणार, पाणी साठवून चाचणी किती तास घेणार आणि राडारोडा कोण उचलणार, हे सगळे असावे. ‘संपूर्ण वॉटरप्रूफिंग’ एवढ्याच दोन शब्दांवर दिलेला दर स्वीकारू नये, आणि शेवटचा हप्ता चाचणी उत्तीर्ण झाल्यावरच द्यावा.